'बघून घेऊ'चं इंग्रजी काय?

चाकणच्या एका कारखान्यात मी अडीच वर्षं एचआरमध्ये होते. सेकंड शिफ्ट सुरू होताना लाइन लीडरनं एका जुन्या ऑपरेटरला विचारलं, मागच्या शिफ्टचं राहिलेलं टार्गेट कोण काढणार? ऑपरेटर म्हणाले, "बघून घेऊ." त्यावरून थोडी बाचाबाची झाली आणि तिसऱ्या दिवशी तक्रार माझ्या टेबलावर आली: धमकी दिली. चौकशी लागली. चौकशी अधिकारी बाहेरचे वकील होते, त्यांना मराठी येत नव्हतं. फाइल इंग्रजीत हवी होती. ते दोन शब्द इंग्रजीत मी टाइप केले. 'आय विल सी यू.' तक्रारीत तसंच लिहिलं होतं, मी ते बदललं नाही.

आता तुम्हीच सांगा, 'बघून घेऊ' म्हणजे काय? घरात अचानक पाहुणे वाढले की आई म्हणते, 'बघून घेऊ.' नाक्यावर भांडण झालं की तिथला दादा म्हणतो, 'बघून घेईन.' 'घेऊ'मध्ये बहुतेक वेळा 'आपण' असतं. 'घेईन'मध्ये मी असतो, आणि समोर तू. माझ्या इंग्रजीत ते 'आपण' गळून पडलं. उरला एक 'मी' आणि एक 'तू', म्हणजे धमकीला लागतात तेवढी दोन माणसं.

त्यांचं एक इन्क्रिमेंट गेलं. त्यांनी वर अपील केलं, मराठीत, वहीच्या पानावर. तेही मीच इंग्रजीत केलं. त्यात एक वाक्य होतं: 'मी बोललो नाही असं म्हणत नाही. बोललो. पण अर्थ तो नव्हता.' वरच्या साहेबांनी फाइल पाहिली. नोटीस दिली होती, उत्तराला वेळ दिला होता, साक्षीदार तपासले होते, सह्या होत्या. शेरा आला, प्रोसिजर पाळलेली आहे, अपील फेटाळलं.

त्याच महिन्यात, कंपनीच्या बसमध्ये मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली असताना, मी फोनवर एक जुनं पुस्तक वाचत होते. १९०८ सालच्या टिळकांच्या खटल्याचा समग्र वृत्तांत. इंग्रजीत, न. चिं. केळकरांनी संपादित करून त्याच वर्षी काढलेला. बस चिंचवडला चापेकर चौकात मला सोडते. रोज त्या पुतळ्यांखालून जाते, पण या पुस्तकाचा आणि माझ्या फाइलचा संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं.

पाटीवरचं वाक्य आणि त्याआधीचे एकवीस तास

टिळकांच्या या खटल्यातलं आपल्याला काय माहीत असतं? मुंबई हायकोर्टात एक पाटी आहे. शिक्षेच्या आधी टिळक जे बोलले ते तिच्यावर कोरलेलं आहे: ज्युरीच्या निकालापेक्षा वरची एक शक्ती आहे, अशा आशयाचं. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते तिचं अनावरण झालं. शाळेतल्या भाषणांपासून रील्सपर्यंत तेच वाक्य फिरतं.

माझी तक्रार अशी आहे की त्या वाक्यानं बाकीचा खटला झाकला गेला. ते निकाल लागून गेल्यावरचं वाक्य आहे. त्याआधी टिळक ज्युरीसमोर २१ तास १० मिनिटं बोलले होते, अनेक दिवसांत मिळून, स्वतःच स्वतःचे वकील होऊन. ते तास वाचले तर तिथं वरच्या शक्तीवर भिस्त ठेवून बसलेला माणूस दिसत नाही. दिसतो तो शब्दकोश घेऊन भांडणारा माणूस. हे भाषांतर बरोबर नाही. या मराठी शब्दाला इंग्रजीत हा शब्द बसत नाही. इंग्रजीत राजकारणाची जी तयार भाषा आहे ती मराठीत अजून घडते आहे, म्हणून मराठी लेखाचा परिणाम मराठी वाचकावर काय होतो ते पाहा. इंग्रजी तर्जुमा वाचून तुमच्यावर काय होतो ते नको.

वाचायला हे कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. दोनदा मी बसमध्ये झोपले. पण केळकरांनी ते कापलं नाही, हे त्यांचं मोठं काम. स्वतः साहित्यिक असलेल्या संपादकाला सुटसुटीत, तेजस्वी टिळक काढून देणं सहज जमलं असतं. त्यांनी अडखळणारे, पुन्हा पुन्हा त्याच शब्दावर येणारे टिळक तसेच ठेवले. या खटल्याबद्दल 'मराठा'त लिहिल्यामुळे केळकरांनाच पुढे कोर्टाच्या अवमानाची शिक्षा झाली, हे लक्षात घेतलं की त्या जाडजूड नोंदीची किंमत कळते. टीका करायची सोय नव्हती, तेव्हा नोंद ठेवणं एवढंच हातात होतं.

पुस्तकाची मर्यादाही तिथंच आहे. सगळं इंग्रजीत. 'केसरी'तले लेख आपल्यासमोर येतात ते भाषांतरातून, म्हणजे ज्युरीसमोर आले तसेच. वाचता वाचता मी त्या नऊ जणांच्या बाकावर जाऊन बसले होते. मूळ मराठी लेख शोधून शेजारी ठेवले तेव्हा कुठं उठता आलं.

नऊ जण कोण होते?

आधी थोडं मागे. २२ जून १८९७ ला पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. झाडणारे चापेकर बंधू चिंचवडचे. त्याच्या सातच दिवस आधी, १५ जूनच्या 'केसरी'त शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली कविता आणि शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत आला होता. त्यावरून टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला. ज्युरीत नऊ जण होते, सहा युरोपीय आणि तीन हिंदी. निकाल लागला सहा विरुद्ध तीन: दोषी. अठरा महिने सक्तमजुरी.

दुसरा खटला जुलै १९०८ चा. मुजफ्फरपूरच्या बॉम्बनंतर 'केसरी'त आलेल्या 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या दोन लेखांवरून. या वेळी सरकारनं 'स्पेशल ज्युरी' मागितली. टिळकांच्या बाजूनं विरोध झाला: अशा ज्युरीत बहुसंख्य युरोपीय येतील आणि त्यांना मराठी कळणार नाही. न्यायमूर्ती दिनशॉ दावर यांनी सरकारची मागणी मान्य केली. १८९७ साली टिळकांना जामीन मिळवून देणारे वकील हेच दावर होते. ज्युरी बसली, सात युरोपीय आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड.

कोणत्या ज्युररनं कुठं मत दिलं हे ज्युरी सांगत नाही. तरी सहा-तीनच्या ज्युरीतून सहा-तीन आणि सात-दोनच्या ज्युरीतून सात-दोन निघावं, या आकड्यांकडे बोट दाखवायला पुरावा लागत नाही.

आणखी एक आकडा बघा. हायकोर्टात ज्युरीचं एकमत नसेल तर किमान सहा जण एका बाजूला लागत, आणि न्यायाधीश त्यांच्याशी सहमत लागे. म्हणजे १८९७ साली सहापैकी एकाचं जरी मत फिरलं असतं, तरी त्या ज्युरीकडून शिक्षा झाली नसती. बाकावर कोण बसणार, यावर सगळं लटकलेलं होतं.

नियम मोडला नाही, पाळला

इथं आपल्याला वाटतं की कुणीतरी लबाडी केली असणार. चिठ्ठ्या बदलल्या असतील, यादीत गडबड केली असेल. तशी गरजच पडली नाही.

१८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता उघडा. ज्युररवर हरकत घ्यायचा हक्क आरोपीला आहे. हायकोर्टात आठ जणांवर कारण न देताही हरकत घेता येते. तेवढाच हक्क सरकारलाही आहे. पण स्पेशल ज्युरीची यादी मालमत्ता, चारित्र्य आणि शिक्षण बघून होते. या तीन चाळण्यांतून त्या मुंबईत कोण खाली पडतं आणि कोण वर राहतं, हे सांगायला नको. वर राहिलेल्यांतून तुम्ही आठ काढले, तर नववा त्यांच्यातलाच येतो.

कारण देऊन हरकत घ्यायची तर कारणांची यादी आहे. त्यात पक्षपात आहे. भाषेचंही कारण आहे, आणि ते वाचून मी मोशीत सरळ बसले. साक्षीची भाषा ज्युररला समजत नसेल तर हरकत घेता येते. पण साक्षीचा तर्जुमा होणार असेल, तर तर्जुम्याची भाषा समजली की पुरे. म्हणजे मराठी येत नाही हा दोष नाही, इंग्रजी येतं ना? आणि हरकतीवर न्यायाधीश जो निर्णय देईल तो अंतिम.

'अंतिम' हा शब्द तिथं आहे. वर कुणी विचारायचं नाही.

त्याच कायद्याला वंश दिसत नव्हता असंही नाही. इल्बर्ट बिलाच्या भांडणानंतर १८८४ साली जी तडजोड झाली, तिच्यानुसार युरोपीय ब्रिटिश आरोपीला निम्मे ज्युरर युरोपीय किंवा अमेरिकन मागता येत होते. आपल्या माणसाला आपल्या माणसांनी जोखावं हे तत्त्व कायद्याला चांगलं कळत होतं. टिळकांच्या वाट्याला हायकोर्टात असं काही आलं नाही.

मग अपील? हायकोर्टात ज्युरीसमोर चाललेल्या खटल्यावर नेहमीच्या अर्थानं अपील नव्हतंच. न्यायाधीशांनी एखादा कायद्याचा मुद्दा राखून ठेवला तर, किंवा चूक झाली असा दाखला ॲडव्होकेट जनरलनं दिला तर, निकालाचा पुनर्विचार. १८९७ साली सरकारतर्फे खटला चालवणारे ॲडव्होकेट जनरलच होते. ज्यानं शिक्षा मागितली त्याच्याकडेच चुकीचा दाखला मागायचा.

उरली लंडनची प्रिव्ही कौन्सिल. तिथं १८९७ साली टिळकांची बाजू मांडली अ‍ॅस्क्विथ यांनी, जे पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले. मुख्य मुद्दा होता न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलेल्या अर्थाचा: 'डिसअफेक्शन' म्हणजे 'अफेक्शन' नसणं. मराठीत सांगायचं तर, प्रीती नाही म्हणजेच अप्रीती, आणि अप्रीती म्हणजे राजद्रोह. परवानगी नाकारली गेली. फौजदारी खटल्यांत हात घालण्याची प्रिव्ही कौन्सिलची फूटपट्टी १८८७ च्या डिलेट प्रकरणात ठरलेली होती. न्यायप्रक्रियेचे प्रकार धाब्यावर बसवून किंवा नैसर्गिक न्याय मोडून मोठा अन्याय झाला असेल तरच. १९०८ च्या शिक्षेनंतरही हायकोर्टात आणि प्रिव्ही कौन्सिलमध्ये दार बंदच राहिलं.

माझ्या मते गोम इथं आहे. अपील शोधतं ते नियमाचं उल्लंघन. ज्युरी सात-दोन अशी बसली ती नियम पाळून. भेदभाव प्रक्रियेत शिरला नव्हता, तो प्रक्रियेच्या पोटातच होता. अशा अन्यायाला वरचं कोर्ट बघतं आणि म्हणतं, प्रोसिजर पाळलेली आहे. माझ्या साहेबांचा शेरा मला तिथं, प्रिव्ही कौन्सिलच्या अक्षरात दिसला.

दुसरीकडे काय झालं

हे अटळ आहे का? 'रुस्तम' पाहिलेल्यांना नानावटी खटला माहीत असेल. १९५९ साली मुंबईच्या सेशन्स कोर्टात ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. सेशन्स न्यायाधीशांना ते पटलं नाही. कायद्यात सोय होती, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टानं १९६० साली शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टानं १९६१ साली ती कायम केली. त्याच शहरात, टिळकांच्या शिक्षेनंतर साधारण अर्ध्या शतकानं, ज्युरीचा निकाल वरून उघडता आला. दार कुठं ठेवायचं हे माणसं ठरवतात. पुढे १९७३ च्या संहितेनं आपल्याकडच्या फौजदारी खटल्यांतली ज्युरी संपवली.

अमेरिकेत ज्युरी आहे आणि वंशाचं भांडणही आहे. तिथं वकिलाला काही ज्युरर कारण न देता काढता येतात. काळ्या आरोपीच्या खटल्यातून काळे ज्युरर असेच काढले जात. १९६५ च्या स्वेन निकालानुसार, हे दाखवायला खटल्यामागून खटल्यातला पुरावा आणा, असं होतं. १९८६ च्या बॅट्सन निकालानं ते बदललं: याच खटल्यात संशय दिसला तर सरकारी वकिलानं वंशाशी संबंध नसलेलं कारण द्यायचं, आणि ते खरं की बहाणा हे न्यायाधीशानं तपासायचं.

कारण कुणीही देऊ शकतं. म्हणून खरी परीक्षा अपिलात होते. मिसिसिपीच्या कर्टिस फ्लॉवर्सवर एकाच गुन्ह्यासाठी सहा खटले झाले. २०१९ साली सुप्रीम कोर्टानं मोजणी केली. सहा खटल्यांत मिळून सरकारी वकिलाला काढता येतील असे ४२ काळे ज्युरर होते, त्यानं ४१ काढले. सहाव्या खटल्यात काढलेल्या पाच काळ्यांना १४५ प्रश्न विचारले आणि बसवलेल्या अकरा गोऱ्यांना सगळे मिळून १२. शिक्षा रद्द झाली. मत पडलं, योगायोगानं, सात विरुद्ध दोन. इथं कोर्टानं फक्त 'कारण दिलं होतं का' एवढं विचारलं नाही, नोंदीतले आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचले.

त्याच सुप्रीम कोर्टानं १९९१ साली उलटंही केलं आहे, आणि मला तोच निकाल जास्त छळतो. न्यूयॉर्कच्या हर्नांडेझ खटल्यात साक्षी स्पॅनिशमध्ये होणार होत्या. सरकारी वकिलानं स्पॅनिश जाणणारे लॅटिनो ज्युरर काढले. कारण दिलं की हे मूळ स्पॅनिश ऐकतील, दुभाष्याचं भाषांतर मानतील याची खात्री वाटत नाही. कोर्टानं ते वंशाशी संबंध नसलेलं कारण म्हणून चालवून घेतलं.

मुंबईत १९०८ साली मराठी न येणं हा ज्युररचा दोष नव्हता. न्यूयॉर्कमध्ये स्पॅनिश येणं हा दोष ठरला. दोन्हीकडे जपलं गेलं ते भाषांतर. मूळ भाषा कळणारा माणूस बाकावर असला की भाषांतर तपासलं जातं, आणि तेच नको असतं.

टिळकांना एक प्रश्न

टिळकांच्या बाजूनं एवढं बोलल्यावर त्यांनाही विचारायला हवं. समजा ज्युरी मराठी जाणणारी बसली असती, तरी ती कोणाची असती? मालमत्ता, चारित्र्य, शिक्षण या चाळण्या तशाच राहिल्या असत्या. त्यांतून मुंबईचे मराठी व्यापारी, वकील आले असते. टिळकांना शिक्षा झाल्यावर ज्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस संप केला, त्यांच्यातला एकही आला नसता. बाई तर नाहीच. युरोपीय बहुमतावर टिळकांच्या बाजूनं बोट ठेवलं गेलं, आणि ते बरोबर जागी होतं. त्या चाळणीच्या बाकीच्या भोकांबद्दल मात्र एकवीस तासांत मला काही सापडलं नाही.

हे म्हणताना मी स्वतःला वगळत नाही. त्या चौकशीत मराठी कळणारी मी एकटीच होते. मी बाकावर नव्हते, टाइप करत होते. पण 'घेऊ' आणि 'घेईन' यातला फरक मला पहिल्या दिवशी कळला होता. एक ओळ लिहायला दोन मिनिटं लागली असती. मी लिहिली नाही, कारण मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय बोलणं प्रोसिजरमध्ये नव्हतं.

त्यानंतरच्या प्रत्येक फाइलमध्ये मी मूळ वाक्य देवनागरीत वर टाइप करायला लागले, त्याखाली इंग्रजी. एकदा साहेबांनी विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, रेकॉर्डसाठी. एवढंच जमलं. ज्यांचं इन्क्रिमेंट गेलं त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

नोकरी सोडताना मी त्यांना लाइनवर जाऊन भेटले. म्हटलं, "काका, तुमचं ते वाक्य मी नीट लिहायला हवं होतं." ते मशीन पुसत होते. म्हणाले, "मॅडम, वाक्य तुम्ही लिहिलंत तेच होतं. मला एवढंच वाटत होतं, वरती कुणीतरी मला बोलावून विचारेल, की बाबा, तू हे कसं म्हणालास, म्हणून दाखव."